शब्दचर्चा: ‘कव्हर्ट’ कारवायांवरची अंतर्गत ‘ओव्हरसाइट’ – मराठीत काय म्हणावं?

तळटीप:
एका दिवाळी अंकासाठी सीआयएवरचा लेख मराठीत आणतोय. गाडी अडलीय ‘इंटर्नल ओव्हरसाइट ऑफ कव्हर्ट ऑपरेशन्स’पाशी. मी ‘गुप्त कारवायांवरील अंतर्गत देखरेख’ असं लिहून मोकळा झालो होतो, पण संपादक बाईंनी दोन्ही शब्दांखाली रेघ मारून पाठवलं. गुप्त म्हणजे नेमकं काय गुप्त? आणि देखरेख कोण, कधी करतं? लेखात १९६१च्या क्यूबातल्या बे ऑफ पिग्ज मोहिमेपासून कैद्यांच्या चौकशीवरच्या २००४च्या अहवालापर्यंत सगळं येतं, म्हणजे शब्द पाचपन्नास वेळा वापरावा लागणार. सुचवा.

मीमांसा:
आधी ‘कव्हर्ट’चं बघू. त्या धंद्यात ‘क्लँडेस्टाइन’ वेगळं आणि ‘कव्हर्ट’ वेगळं. पहिल्यात काही घडलं हेच कोणाला कळता कामा नये. हेर कागद बघून जागच्या जागी ठेवतो, मालकाला पत्ता नाही. दुसऱ्यात घडलेलं सगळ्या गावाला दिसतं, फक्त करविता धनी दिसता कामा नये. ऑगस्ट १९५३ मध्ये तेहरानच्या रस्त्यांवर जमाव होता, रणगाडे होते, इराणचे पंतप्रधान मोसादेक यांचं सरकार पडलं. यात गुप्त काय होतं? त्यामागचा अमेरिका-ब्रिटनचा हात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या जून १९४८च्या ‘एनएससी १०/२’ या निर्देशात हीच व्याख्या आहे: बिंग फुटलंच तर अमेरिकी सरकारला, लोकांना पटेल अशा रीतीनं, कानावर हात ठेवता आले पाहिजेत. म्हणून ‘गुप्त’ हा शब्द क्लँडेस्टाइनसाठी राखून ठेवा आणि कव्हर्टला ‘छुपी कारवाई’ म्हणा. ‘प्रच्छन्न’ अचूक आहे, पण दिवाळी अंकात तो वाचून लोक पान उलटतील.

कोल्हापुरी:
झाकली मूठ सव्वा लाखाची. शब्द काय शोधताय!

रविवारचा वाचक:
‘छुपी’ला +१. ‘ओव्हरसाइट’ला ‘पर्यवेक्षण’ का नको? तो तर सरकारमान्य शब्द आहे.

मीमांसा:
पर्यवेक्षक परीक्षेच्या वर्गात, पेपर चालू असताना फिरतो. सीआयएचा इन्स्पेक्टर जनरल, म्हणजे महानिरीक्षक, तसा फिरत नाही. तो येतो पेपर संपल्यावर, बहुतेकदा निकाल लागल्यावर. तळटीप यांच्या लेखात हाच मुद्दा असणार, त्यामुळे शब्दानं तो पुसून टाकू नये.

लायमन कर्कपॅट्रिक यांचंच घ्या. एप्रिल १९६१ मध्ये सीआयएनं कॅस्ट्रोची सत्ता उलथायला सुमारे १४०० निर्वासित क्यूबन बे ऑफ पिग्जच्या किनाऱ्यावर उतरवले. शंभराहून अधिक मेले, हजाराहून अधिक कॅस्ट्रोच्या हाती लागले. त्यानंतर महानिरीक्षक या नात्यानं कर्कपॅट्रिक यांनी आतल्या आत चौकशी केली. त्यांच्या अहवालाचं सार असं की नोव्हेंबर १९६० उजाडेपर्यंतच ही मोहीम छुपी उरली नव्हती. हल्ल्याआधी तीन महिन्यांहून जास्त काळ वर्तमानपत्रं भरती-प्रशिक्षणाच्या बातम्या छापत होती आणि कानावर हात ठेवता येतील ही समजूत म्हणजे केविलवाणा भ्रम होता. म्हणजे घरच्याच तपासनिसानं सांगितलं की ‘कव्हर्ट’ हे नाव आता या कामाला लागू नाही! मोहिमेवरच्या फारच थोड्यांना स्पॅनिश येत होतं, हेही त्यात आहे.

मग काय झालं? ज्यांच्या खात्यावर ठपका होता त्या, छुप्या कारवायांचे प्रमुख रिचर्ड बिसेल यांच्या बाजूनं लांबलचक उत्तर लिहिलं गेलं, अहवालाच्या बहुतेक प्रती नष्ट केल्या गेल्या, आणि लोकांना तो वाचायला मिळाला १९९८ मध्ये. याला तुम्ही देखरेख म्हणणार?

अव्वल कारकून:
महसुलात आयुष्य गेलं म्हणून सांगतो, याला आमच्याकडे सरळ शब्द आहे: दप्तर तपासणी. साहेब येतात, फेरफाराची नोंदवही मागतात, कीर्द बघतात, शेरे मारतात. आणि मुरलेल्या माणसाला पक्कं ठाऊक असतं की जे दप्तरात नाही ते तपासणीत येत नाही.

मीमांसा:
काका, तुमचं शेवटचं वाक्य त्या इमारतीत कोणाला शिकवावं लागलं नसतं. १९६७ मध्ये कॅस्ट्रोला मारण्याच्या कटांबद्दल वृत्तपत्रात कुजबुज छापून आली, तेव्हा संचालक रिचर्ड हेल्म्स यांनी महानिरीक्षकाकडून अहवाल मागवला. तयार झाल्यावर एकच प्रत ठेवली, कच्चे खर्डे आणि टिपणं नष्ट करायला लावली. ‘एमकेअल्ट्रा’ या माणसाच्या मनावर ताबा मिळवण्याच्या प्रयोगांच्या प्रकल्पातही तेच. १९६३ मध्ये महानिरीक्षक जॉन अर्मन यांनी, बेसावध माणसांना नकळत औषधं देऊन केलेल्या प्रयोगांवर बोट ठेवलं होतं. १९७३ मध्ये जाता जाता हेल्म्स यांच्या हुकमानं त्या प्रकल्पाची कागदपत्रं नष्ट झाली. (हिशेबाची काही खोकी दुसरीकडे पडून होती, ती निसटली आणि १९७७ मध्ये सापडली. दप्तर जाळणाऱ्यानं लेखाशाखा विसरू नये!)

आणि तळटीप, तुमच्या २००४च्या अहवालातला एक तपशील सोडू नका. कैद्यांच्या चौकशीच्या ९२ चित्रफिती होत्या. महानिरीक्षक जॉन हेल्गरसन यांच्या माणसांनी मे २००३ मध्ये त्या बघितल्या, तर ११ कोऱ्या निघाल्या. पुढे नोव्हेंबर २००५ मध्ये सगळ्याच नष्ट केल्या गेल्या.

रविवारचा वाचक:
पण मग ‘तपासणी’ म्हटलं की तपासणारा निदान बाहेरचा वाटतो. इथं तर तो घरचाच माणूस. कुंपणच शेत खातं त्यातली गत.

मीमांसा:
कुंपणानं शेत खाल्लं असं मी म्हणणार नाही. कर्कपॅट्रिक, अर्मन, हेल्गरसन या तिघांनीही कडक लिहिलं. लिहिलेलं कोणाच्या टेबलावर जातं, घोडं तिथं पेंड खातं. जुन्या काळात महानिरीक्षक हा संचालकाचाच माणूस होता. १९८९च्या कायद्यानं त्याची नेमणूक राष्ट्राध्यक्षांकडे गेली आणि सिनेटची संमती लागू लागली. आजही संचालक राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन चौकशी थांबवू शकतो, फक्त तसं केल्यास सात दिवसांत संसदेच्या गुप्तवार्ता समित्यांना कारण कळवावं लागतं. म्हणून माझं मत: महानिरीक्षकासाठी ‘अंतर्गत तपासणी’, समित्यांसाठी ‘संसदेचा अंकुश’. दोन्हीकडे एकच शब्द वापरलात की हा फरक गेला.

‘गुप्तवार्ता’ मुद्दाम लिहिलं. आपल्याकडे ‘राज्य गुप्तवार्ता विभाग’ आहे, रुळलेला शब्द आहे, ‘बुद्धिमत्ता समिती’ असलं काही करू नका. मी छापलेलं पाहिलंय.

कोल्हापुरी:
‘महानिरीक्षक’ म्हटल्यावर पब्लिकला पोलीस आयजीच आठवणार. पहिल्या वेळी ‘सीआयएचे अंतर्गत महानिरीक्षक’ लिवा, मग नुसतं महानिरीक्षक चालेल.

तळटीप:
मीमांसाताई, काका, खूप आभार. ‘छुप्या कारवायांची अंतर्गत तपासणी’ पक्कं. आता शेवटची अडचण: ‘प्रेसिडेन्शियल फाइंडिंग’. मी ‘राष्ट्राध्यक्षांचा निष्कर्ष’ केलंय, पण वाक्य लंगडं वाटतंय. ‘रेगन यांनी निष्कर्षावर सही केली’?

मीमांसा:
१९७४च्या ह्यूज-रायन या कायदादुरुस्तीतून आलाय तो शब्द. ही कारवाई राष्ट्रीय सुरक्षेसाठी महत्त्वाची आहे असं राष्ट्राध्यक्षांना आढळलं पाहिजे, म्हणून ‘फाइंडिंग’. पण व्यवहारात तो मंजुरीचा कागद आहे. ‘मंजुरीपत्र’ लिहा. इराणला क्षेपणास्त्रं आधी गेली आणि रेगन यांनी त्या कागदावर सही डिसेंबर १९८५ मध्ये मागाहून केली. पुढच्या वर्षी प्रकरण अंगाशी आल्यावर सुरक्षा सल्लागार पॉइंडेक्स्टर यांनी तो फाडून टाकला. १९९१च्या कायद्यानं मग घालून दिलं की मंजुरी लेखी हवी आणि मागल्या तारखेपासून लागू होणारी नको.

अव्वल कारकून:
मागाहूनच्या मंजुरीला ‘कार्योत्तर मंजुरी’ लिहा. मंत्रालयापासून ग्रामपंचायतीपर्यंत कोणालाही अर्थ सांगावा लागणार नाही.