युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकाच्या घरच्यांना धीर कसा द्यावा?

प्रश्न
माझ्या मैत्रिणीचा मुलगा आघाडीवर बेपत्ता झाल्याचे सैन्याने कळवले आहे. तो मारला गेला की शत्रूच्या ताब्यात आहे, हे अद्याप कोणीही सांगू शकत नाही. भेटायला येणाऱ्यांपैकी काही जण ‘येईल हो परत’ म्हणतात, तर काही मनाची तयारी ठेवायला सांगतात, आणि दोन्ही ऐकून ती सारखीच खचते. मी तिच्याशी काय बोलावे? कोणी अशा कुटुंबाच्या जवळ राहिले असल्यास कृपया सांगावे.

पहिले उत्तर
ही दोन्ही वाक्ये टाळावीत, कारण जे कोणालाच ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक असल्याचा आव दोन्हींत आहे. पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासिकेने १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि निश्चित बातमीच नसलेले हे दुःख मृत्यूच्या दुःखाहून वेगळे असते, हे मांडले. आशा आणि भीती एकाच मनात एकाच वेळी नांदतात. तो तिचा दुबळेपणा नाही, परिस्थितीच तशी आहे, एवढे तिला कोणीतरी स्पष्टपणे सांगायला हवे. मुलाचे नाव घेणे टाळू नका. ती त्याच्याविषयी वर्तमानकाळात बोलत असेल, तर आपणही तसेच बोलावे.

दुसरे उत्तर
बोलण्याइतकाच आधार सोबतीने केलेल्या कामाचा होतो. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार युद्धकैद्याला छावणीत पोहोचल्यापासून जास्तीत जास्त एका आठवड्यात घरी आणि रेडक्रॉसच्या केंद्रीय शोध संस्थेला आपली खबर देणारे पत्र लिहू दिले पाहिजे, आणि १९७७ च्या पहिल्या पूरक करारात आप्तांचे भवितव्य जाणून घेण्याचा कुटुंबाचा हक्क मान्य केलेला आहे. प्रत्यक्षात हे नियम पुष्कळदा मोडले जातात, म्हणून पत्र आले नाही याचा अर्थ तो जिवंत नाही असा मुळीच होत नाही. हे तिला जरूर सांगावे. सैन्याच्या कार्यालयाखेरीज रेडक्रॉसकडेही शोधासाठी अर्ज करता येतो. तो भरताना शेजारी बसावे, कोणाशी कधी काय बोलणे झाले याची वही ठेवावी, आणि कैद्यांच्या किंवा मृतांच्या चित्रफिती पाहून ओळख पटवण्याची वेळ आली, तर ते काम तिच्यावर एकटीवर पडू देऊ नये. पैशांच्या मोबदल्यात बातमी देऊ करणाऱ्यांपासूनही तिला जपावे. असे लोक नेमके अशा घरांनाच गाठतात.

तिसरे उत्तर
वरील सर्व मान्य आहे, तरी एक भर घालावीशी वाटते. एकाच घरात आई वाट पाहत असते, वडिलांनी मनोमन आशा सोडलेली असते आणि पत्नीला मुलांच्या प्रश्नांना रोज उत्तर द्यायचे असते, त्यामुळे त्यांच्यात कटुता येते. अशा वेळी कोणाची बाजू घेऊ नये आणि सर्वांनी एकच काहीतरी मानावे असा आग्रहही धरू नये. मुलांना ‘बाबा कामावर गेले आहेत’ असे खोटे सांगण्यापेक्षा ‘ते कुठे आहेत हे अजून कळलेले नाही, शोध चालू आहे’ हे सांगणे बरे. माझ्या मते सर्वांत कठीण काळ पहिल्या आठवड्यांनंतरचा असतो, कारण तेव्हा माणसांची ये-जा थांबते आणि कैद्यांच्या प्रत्येक अदलाबदलीच्या बातमीने जखम नव्याने उघडी पडते. त्या दिवशी तिने बोलावण्याची वाट न पाहता तिच्याकडे जावे आणि सुटलेल्या कैद्यांची यादी पाहून होईपर्यंत तिथेच थांबावे.