हिमालय कसा झाला हे माहीतच आहे ना? मग त्यावर अजून पीएचडी कशाची?

सातारकर_बाबा:
नमस्कार मंडळी. माझी लेक पुण्यात जिऑलॉजीत एमएस्सी झाली आणि आता डेहराडूनला जाऊन पीएचडी करायची म्हणतेय, स्ट्रक्चरल जिऑलॉजी (खडक कसे मोडले-वाकले त्याचा अभ्यास म्हणे), हिमालयातल्या कुठल्यातरी थ्रस्टवर. मी आयुष्यभर एसटीत नोकरी केली, शाळेच्या भूगोलातलं एवढंच आठवतं की भारताची जमीन सरकत सरकत आशियाला धडकली, मधला समुद्र दाबला गेला आणि हिमालय उभा राहिला. तिला म्हटलं, अगं हे तर आमच्या पुस्तकात पण होतं, मग पाच वर्षं तू शोधणार काय? तर म्हणे "बाबा, गरम खडक वर आणि थंड खडक खाली आहेत, तेच तर कोडं आहे" आणि बस पकडायला पळाली. मी तेव्हापासून विचार करतोय. खरंच समजून घ्यायचंय, पोरगी तिकडे गेल्यावर फोनवर निदान दोन प्रश्न तरी मला धड विचारता आले पाहिजेत.

गारगोटी:
काका, तुमचा प्रश्न वाचून इतकं बरं वाटलं. मी याच विषयात काम करते, जोशीमठच्या रस्त्यावर चार सीझन फील्ड केलंय.

टक्कर झाली हे खरंच आहे, साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी, त्यावर फारसा वाद नाही. पण टक्कर झाली म्हणजे नेमकं काय झालं? खडक कुठून तुटले, कोण कोणावर चढलं, आधी काय नंतर काय, हे सगळं खडकातून वाचावं लागतं. तुमची लेक म्हणाली ते कोडं असं: जमिनीत जितकं खोल जाल तितकं गरम, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० डिग्री वाढते, म्हणजे ज्या खडकांनी जास्त उष्णता सोसली ते खाली असायला हवेत. आता अलकनंदेच्या खोऱ्यात हेलंगपासून बद्रीनाथकडे चला, तिथे थर उत्तरेकडे कललेले आहेत त्यामुळे उत्तरेला जाल तसे तुम्ही आणखी आणखी वरच्या थरात जाता, आणि होतं उलटंच. हेलंगच्या खालच्या बाजूचे खडक कमी भाजलेले, मग गार्नेट हे खनिज दिसायला लागतं, जोशीमठच्या आसपास कायनाइटच्या निळसर कांड्या, आणि आणखी वर सिलिमनाइट, ही खनिजं याच क्रमाने वाढत्या उष्णतेत तयार होतात. कायनाइट आणि सिलिमनाइट हे रसायनाने एकच, फक्त दाब आणि उष्णता बदलली की रूप बदलतं, म्हणून ते आमच्यासाठी थर्मामीटरच. म्हणजे चढत जावं तसे जास्त भाजलेले खडक. १९३६ साली आर्नोल्ड हाइम आणि ऑगुस्टो गान्सर हे दोघे स्विस भूवैज्ञानिक कुमाऊंत हिंडले (गान्सर तर यात्रेकरूच्या वेषात थेट तिबेटात कैलासापर्यंत गेला), त्यांनी ज्या मोठ्या भेगेला मेन सेंट्रल थ्रस्ट नाव दिलं (थ्रस्ट म्हणजे जिच्यावरून वरचा खडक खालच्यावर चढतो अशी भेग) तिच्याच अंगाखांद्यावर हे सगळं आहे. आणि ती भेग म्हणजे एक रेघ नाही हो, कित्येक किलोमीटर जाडीचा चेंगरलेल्या खडकांचा पट्टा आहे, भूवैज्ञानिक वाल्दिया सरांनी तर तळाला मुनस्यारी आणि माथ्याला वैकृता असे दोन वेगळे थ्रस्ट दाखवले, त्यातला खरा कोणता यावर आम्ही अजून भांडतो.

कातळवेडा:
आपल्याकडे हे कळायला अवघड जातं कारण सह्याद्री बघून आपली नजर तयार झालेली असते. सह्याद्री हा टकरीचा पर्वत नाहीच, ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक, राजगडावरून बघा, मैलोनमैल आडव्या पट्ट्या, खालचा आधीचा वरचा नंतरचा, विषय संपला. हिमालयात पहिल्यांदा गेलो तेव्हा हा नियमच चालेना, जुना खडक खुशाल नव्याच्या डोक्यावर बसलेला.

वाईच्या_बाई:
मी शाळेत सहावी ते आठवीला शिकवते. काका, घरी करून बघा. एक लांबट ट्रे, शक्यतो काचेचा, तळाला बटर पेपर, त्यावर बारीक वाळू आणि रांगोळीचे आलटून पालटून पातळ थर, लाल पिवळा काहीही. एका टोकाला लाकडी ठोकळा उभा पक्का धरायचा, खालून जेमतेम कागद सरकेल इतकी फट ठेवून, आणि कागद ठोकळ्याच्या खालून हळूहळू ओढायचा. आधी ठोकळ्याजवळ थर फुगतो, मग तिरका चिरतो आणि एक तुकडा दुसऱ्यावर चढतो, अजून ओढलं की त्याच्या पुढे नवी चीर पडते, मग तिच्या पुढे आणखी एक. मुलं ओरडतात नुसती! काचेतून लाल थरावर परत लाल थर दिसतो तेव्हा कातळवेडा म्हणतात ते जुनं नव्याच्या डोक्यावर कसं बसतं ते वेगळं सांगावं लागत नाही.

गारगोटी:
बाई, अगदी हेच! हिमालयात चिरा याच क्रमाने पुढे सरकल्या, मेन सेंट्रल थ्रस्ट सगळ्यात आधीची, मग तिच्या दक्षिणेला मेन बाउंड्री, आणि आज जिवंत आहे ती अगदी पायथ्याची, दिल्लीहून डेहराडूनला जाताना मोहंडला शिवालिकचे डोंगर सुरू होतात ना, तिथेच. भारत अजूनही वर्षाला ४-५ सेंटीमीटर उत्तरेला सरकतोय, त्यातले सुमारे २ हिमालयात साठतात आणि कधीतरी एकदम सुटतात, २०१५ ला नेपाळात ७.८ चा भूकंप झाला तो त्यातलाच.

पण रांगोळीने गरम वर थंड खाली हे पुरतं सुटत नाही, कारण वाळू वितळत नाही. म्हणून दुसरं मत असं की तिबेटच्या खालचा खडक इतका तापला की मऊ झाला आणि दोन भेगांच्या मधून दक्षिणेला पिळून बाहेर आला. पुरणपोळी लाटताना हात जड पडला की पारी फाटून पुरण कडेने येतं, तसं. खालची भेग मेन सेंट्रल थ्रस्ट, वरची साउथ टिबेटन डिटॅचमेंट, आणि गंमत म्हणजे वरच्या भेगेवर माल उत्तरेकडे खाली घसरलाय, म्हणजे टक्कर चालू असताना पर्वताचा माथा उलट्या दिशेला सरकत होता. एव्हरेस्टच्या टोकाला समुद्रात तयार झालेला चुनखडक आहे, तो या भेगेच्या वरचा. दोन्ही भेगा साधारण २ कोटी वर्षांपूर्वी एकाच वेळी चालू होत्या म्हणून २००१ नंतर या मताने खूप जोर धरला, दक्षिणेच्या उतारावर पावसाने झीज होते म्हणून पुरणाला बाहेर यायला वाट मिळाली असंही त्यात आहे. मला स्वतःला वाटतं की खोलात पुरण आणि वरवर रांगोळी, दोन्ही खरं, आपापल्या वेळेला. पण हे वाटून उपयोग नाही, दगडातून दाखवावं लागतं.

सातारकर_बाबा:
आता डोक्यात थोडा उजेड पडला. पण दगडातून दाखवायचं म्हणजे कसं? आणि तिकडे दरडी फार, तिची आई काळजीत आहे.

गारगोटी:
काळजी रास्त आहे काका, आम्ही पावसाळ्यात फील्ड करतच नाही, शक्यतो ऑक्टोबर-नोव्हेंबर.

दगडाचं सांगते. चेंगरलेल्या खडकात फेल्डस्पार या खनिजाचा कण डोळ्यासारखा दिसतो, दोन्ही बाजूंना शेपट्या. उजवी शेपटी डोळ्याच्या वरच्या कडेने निघाली आणि डावी खालच्या कडेने, तर वरचा भाग उजवीकडे सरकला. बस, एवढ्या बोटभर डोळ्यावरून कित्येक किलोमीटर जाडीचा पर्वत कुठे चालला होता ते कळतं. पण नमुना फोडायच्या आधी त्यावर दिशा आणि उतार लिहून बाण काढायचा. पहिल्या सीझनला माझ्या तीन नमुन्यांवरचा मार्कर पावसात धुऊन गेला. सुंदर दगड होते, पण कुठली बाजू वर तेच कळेना, टाकून द्यावे लागले. त्यानंतर मी बाण छिन्नीने कोरते.

सातारकर_बाबा:
काल रात्री लेकीला डोळ्याचं विचारलं. दोन मिनिटं काही बोललीच नाही, मग गेल्या वर्षीच्या ट्रिपचा हेलंगचा फोटो पाठवला, बाजूला दहाचं नाणं ठेवलेला, म्हणाली "सांगा बाबा". चष्मा लावून, मोठा करून बघितला. उजवी शेपटी वरून निघालीय, डावी खालून. म्हणजे वरचा खडक उजवीकडे गेला, बरोबर का?

गारगोटी:
बरोबर वाचलंत काका! पण आता तिला विचारा, फोटो कुठे तोंड करून काढलाय. पूर्वेकडे तोंड असेल तर उजवी म्हणजे दक्षिण, वरचा खडक दक्षिणेला चढला, थ्रस्टला साजेसं. पश्चिमेकडे तोंड असेल तर उजवी म्हणजे उत्तर, आणि मग तिथे काय झालं हे आम्हा सगळ्यांनाच बघायला यावं लागेल.

सातारकर_बाबा:
विचारलं. तिच्या वहीत लिहिलेलं आहे, तोंड पूर्वेला.