कोलोरॅडोच्या डोंगरांत आरव्ही घेऊन नऊ दिवस : हा आराखडा जमेल का?

सायली_एनजे

नमस्कार मंडळी,

लग्नाला सहा वर्षं झाली आणि पहिल्यांदाच दोघांची सुट्टी एकत्र जुळली आहे. सप्टेंबरच्या मध्यावर न्यूजर्सीहून डेन्व्हरला विमानाने जायचं, तिथे २५ फुटी आरव्ही (राहण्या-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घ्यायची आणि नऊ दिवस डोंगरांत फिरायचं असा बेत आहे. आराखडा असा : एस्टेस पार्क, ट्रेल रिज रोड, इंडिपेन्डन्स पासवरून (पास म्हणजे घाट) अ‍ॅस्पेन गाव, मग यूरे, सिल्व्हरटन, ड्युरँगो, मेसा व्हर्डे, ग्रेट सँड ड्यून्स आणि परत डेन्व्हर. हजारेक मैल होतात. नवरा गाडी चांगली चालवतो, पण एवढी मोठी कधी चालवलेली नाही. जमेल ना? स्वयंपाक गाडीतच करायचा आहे, त्याबद्दलही सांगा.

घाटवळण

इंडिपेन्डन्स पासवर ३५ फुटांपेक्षा लांब गाड्यांना मनाई आहे, त्यामुळे तुम्हाला कायद्याने अडचण नाही. पण रस्ता काही ठिकाणी इतका अरुंद आहे की समोरून पिकअप आली तरी जीव मुठीत येतो. पहिल्यांदाच आरव्ही हाती घेणाऱ्याने तिथे जाऊ नये. यूरे ते सिल्व्हरटन हा पट्टाही तसाच. दरीच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही.

शिदोरी

सायली, आम्ही दोघं इथे कोलोरॅडोत सव्वीस वर्षं आहोत. २०१९ पासून आमची स्वतःची, जुनी घेतलेली २४ फुटी आरव्ही आहे. त्याआधी एकदा भाड्याने घेतली होती, ती गोष्ट आधी सांगते, कारण तुमचा आराखडा वाचून मला तीच आठवली.

आम्हीही असाच सगळा नकाशा नऊ दिवसांत बसवला होता. पाचव्या दिवशी वुल्फ क्रीक पास उतरताना (१०,८५७ फूट, जवळजवळ सात टक्क्यांचा उतार) ब्रेकचा जळका वास आला. आमच्या ह्यांनी कशीबशी गाडी बाजूच्या मोकळ्या जागेत घेतली. पुढच्या चाकातून धूर येत होता. ह्यांचा हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हता, मी एकेक बोट सोडवलं. तासभर तिथेच बसलो. उतारावर टो-हॉलचं बटण (गाडी खालच्या गिअरमध्ये धरून ठेवणारं) दाबायचं आणि गिअर खाली घ्यायचा, हे गाडी देणाऱ्यांनी सांगितलंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर आपल्याला ते ठाऊक असायला हवं होतं. आपल्याकडे घाटातले जुने ड्रायव्हर सांगतात ना, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. खंबाटकीत चालतं ते इथेही चालतं.

पण गिअरपेक्षाही मोठं कारण होतं दमणूक. रोज पाच-सहा तास गाडी, संध्याकाळी अंधारात जागा शोधायची, पाण्याची नळी जोडायची, जेवण, झोप. चार दिवसांत आम्ही एकमेकांशी रस्त्याशिवाय काही बोललोच नव्हतो.

म्हणून कळकळीने सांगते, अर्धा आराखडा काढून टाका. मुक्काम तीनच करा.

पहिला एस्टेस पार्कजवळचा मोरेन पार्क कॅम्पग्राउंड, तीन रात्री. तिथलं आरक्षण सहा महिने आधी खुलं होतं, तेव्हा आता लगेच बघा. सप्टेंबरात एल्क (इथली मोठी हरणं) माजावर असतात. संध्याकाळी सहाच्या सुमारास कुरणाच्या कडेला खुर्च्या टाकून बसा. नर मान मागे टाकतो, खालच्या सुरात सुरुवात करतो आणि बघता बघता आवाज शिट्टीसारखा बारीक होऊन वर जातो. एवढ्या दांडग्या जनावराचा इतका कोवळा आवाज! गारठा असेल तर तोंडातून वाफ निघताना दिसते. अंतर मात्र राखायचं, त्या दिवसांत ते अंगावर येतात.

मग ट्रेल रिज रोडने ग्रँड लेक. हा रस्ता १२,१८३ फुटांवर जातो आणि अकराएक मैल झाडं उगवतात त्या उंचीच्याही वरून चालतो. आरव्हीला चालतो, फक्त सकाळी लवकर निघा, म्हणजे थांब्यांवर गाडी लावायला जागा मिळते. तिथून क्रेमलिंग, फ्रिस्को करत लेडव्हिल. टर्कॉइज लेकच्या काठी दोन रात्री. उंची दहा हजारांच्या जवळ आहे, पहिल्या दिवशी डोकं दुखेल, पाणी भरपूर प्या आणि काहीही करू नका. अक्षरशः काहीही नाही. आम्ही तिथे एक अख्खी दुपार तळ्याकडे बघत काढली आहे.

तिसरा मुक्काम ब्यूना व्हिस्टा, गरम पाण्याचे झरे जवळ आहेत. परतीला २८५ नंबरचा रस्ता, केनोशा पास. महिन्याच्या उत्तरार्धात तिथे अ‍ॅस्पेनच्या झाडांची पानं सोन्यासारखी झालेली असतात. देठ चपटा असल्याने अगदी हलक्या वाऱ्यानेही पान हलतं, अगदी आपल्या पिंपळासारखं. मला तिथे गेलं की दरवेळी आजोळच्या पाराची आठवण येते.

सायली_एनजे

शिदोरीताई, वाचता वाचता डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्यालाही वाचून दाखवलं. तो म्हणतो, मेसा व्हर्डे तेवढं आराखड्यात राहू दे ना? आणि स्वयंपाकाचं सांगा. भात शिजेल ना एवढ्या उंचीवर?

शिदोरी

मेसा व्हर्डेसाठी वेगळे चार दिवस काढून या. हजार वर्षांपूर्वीच्या वस्त्या तासाभरात उरकण्यासारख्या नाहीत.

भात कुकरशिवाय शिजायला बराच जास्त वेळ लागतो. मोरेन पार्कच्या उंचीला पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, तूरडाळ तर पातेल्यात तासन् तास टणकच राहते. तीन लिटरचा कुकर न्या. मुगाची खिचडी, भाजणी, मेतकूट, लसणाची चटणी, एवढ्यावर नऊ दिवस निघतात. शिट्ट्या मात्र रात्री दहाच्या आत उरका, नंतर शांततेची वेळ सुरू होते. खरकटं बाहेर टाकू नका, रात्री टेबलावर काही ठेवू नका, अस्वलं येतात.

गाडी लावली की आधी ती सपाट झाली का बघायचं. आम्ही गवंड्याची छोटी पाणसळ नेतो. मी ती ओट्यावर ठेवते, हे बाहेरून चाकाखाली फळी सरकवतात. बुडबुडा मधे आला की मी खिडकीवर टकटक करते. बऱ्याच आरव्हींमधला फ्रीज गॅसवरही चालतो, तो गाडी तिरकी असेल तर नीट थंड होत नाही.

घाटवळण

मैलापाण्याच्या टाकीचं राहिलं. डंप स्टेशनवर (टाक्या रिकाम्या करायच्या जागी) आधी काळी, म्हणजे संडासाची टाकी रिकामी करा, मग भांड्या-अंघोळीच्या पाण्याची, म्हणजे नळी धुऊन निघते. जाड रबरी हातमोजे आपले न्या. आणि डोंगरात पाणी जपून वापरा, टाकी लवकर संपते.

सायली_एनजे

ठरलं. तीन मुक्काम. मोरेन पार्कच्या तीन रात्री आत्ताच मिळाल्या! नवरा यूट्यूबवर उतारावरचे गिअर बघत बसला आहे.

शिदोरी

छान झालं. आणि कुकरची जादा रिंग घ्या बरोबर. लेडव्हिलमध्ये मिळणार नाही.