मदत हवी आहे : फायब्रोमायल्जिया, थायरॉइडची गोळी आणि अश्वगंधा

आई ५६ वर्षांची, आम्ही नाशिकच्या सिडकोत राहतो. फायब्रोमायल्जियाचं (अंगभर सतत दुखत राहण्याच्या आजाराचं) निदान संधिवाततज्ज्ञांनी केलंय. आरए फॅक्टर (संधिवाताची रक्ततपासणी), व्हिटॅमिन डी, बी १२ सगळं नॉर्मल. रात्री दुखण्यासाठी प्रेगाबालिन ७५, सकाळी उपाशीपोटी थायरॉइडसाठी थायरॉक्सिन ५०. दोन्ही बंद करायच्या नाहीत, हे आधीच सांगते.

निर्गुंडी तेल कोमट करून मान-खांद्यांना लावून शेक दिला की तासभर बरं वाटतं. पण हात जरा जोरात पडला तर ती कळवळते, त्यामुळे मालिश अगदी हलकी. हळद-दुधाने काही फरक नाही. थंडीत सकाळी तर वेणीही घालवत नाही तिला.

आता रविवार कारंजाजवळच्या काष्ठौषधीवाल्याने झोपेसाठी अश्वगंधा चूर्ण दिलंय. (गोळ्या कुठल्या चालू आहेत, हे विचारलंही नाही!) अश्वगंधेने थायरॉइड हार्मोन वाढू शकतं आणि प्रेगाबालिनची गुंगीही, असं वाचल्यामुळे पुडी अजून फोडलेली नाही. डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यात आहे.

या दोन्ही गोळ्यांसोबत वैद्यांच्या देखरेखीखाली कुणी अश्वगंधा घेतली आहे का? टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) किती दिवसांनी तपासायला सांगितला? आणि अ‍ॅलोपॅथीची फाईल नीट वाचून औषध देणारे वैद्य पंचवटी-गंगापूर रोड भागात कुणाला माहीत आहेत का?