ओबरसाल्झबर्गला जाऊन नुसता नजारा बघायचा?

सह्यवेडा: "इतिहास उगाळू नका, नजारा बघा" म्हणणारी केलश्टाइनहाउसची (नाझींनी डोंगरमाथ्यावर बांधलेलं घर) बिअरवाली पोस्ट वाचली आणि डोकं फिरलं. ओबरसाल्झबर्ग हे त्याच्या खालचं, जर्मनीतल्या बव्हेरियातलं डोंगरगाव. हिटलरने तिथे घर घेतलं आणि त्याचा उजवा हात असलेल्या बोरमानने गावकऱ्यांना हुसकावून त्यांची घरं पाडली. १८३४ मीटरवरचं ते 'नजाऱ्याचं' घर बांधताना १२ मजूर मेले. खाली १९९९ पासून नाझी काळाबद्दलचं माहिती केंद्र आहे. तिथे दोन तास काढवत नाहीत?

नाशिककर: पोस्ट माझी आहे. आईवडिलांना घेऊन टूरने गेलो होतो. बस, बोगदा, १२४ मीटरची पितळी लिफ्ट, यातच वेळ संपला. हिटलर स्वतः वर क्वचितच जायचा. त्याचं राहतं घर खाली होतं, त्याचे अवशेषही १९५२ मध्ये पाडले. मग उरलेल्या घराने काय पाप केलं?

सह्यवेडा: पाडले ते तिथे हिटलरभक्तांची जत्रा भरू नये म्हणून! वरच्या लाल संगमरवरी शेकोटीच्या कडा अमेरिकी सैनिकांनी आठवण म्हणून फोडून नेल्या. ते तरी दिसलं का?

म्युनिकची मावशी: वेळेचं कारण सांगू नका. मी पाहुण्यांना हाताला धरून केंद्रात नेते. बाहेर पडताना एक भाचा म्हणाला, "पण मावशी, शिस्त होती हं माणसाला!" छळछावण्यांचे फोटो बघून हे! आपल्याकडे फुटपाथवर हिटलरचं आत्मचरित्र व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडतात, त्याचं हे फळ.

दादरकर: झालं सुरू! नेताजीही त्याला भेटले होते. इंग्रजांना नडला म्हणून आमच्या आजोबांना तो आवडायचा. ते काय नाझी होते?

म्युनिकची मावशी: नेताजी मदत मागायला गेले होते, आरती ओवाळायला नाही. आणि तुमचा 'इंग्रजांना नडणारा' काय म्हणाला ते ऐका. १९३७ च्या नोव्हेंबरात, याच ओबरसाल्झबर्गला, त्याने ब्रिटिश मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्सना सल्ला दिला: गांधींना गोळी घाला. हॅलिफॅक्स म्हणजे गांधींशी करार करणारे व्हाइसरॉय आयर्विन. आपल्याबद्दल हे बोलणं जिथे झालं तिथे जाऊन आपण फक्त सेल्फी काढायचा?

दादरकर: आजोबांना हे कोणी सांगितलं नव्हतं. तरी त्यांना नाझी म्हणू देणार नाही.

नाशिककर: बरं, हॅलिफॅक्सचा किस्सा पोस्टमध्ये टाकतो. पोस्टमधला बाबांचा फोटो मात्र हटवणार नाही. इतकी वर्षं राबून ते तिथे पोचले.

सह्यवेडा: फोटो ठेवा हो. पण पुढे जाणाऱ्यांना एवढं लिहा: वरची बस केंद्राच्या जवळूनच सुटते. आधी केंद्र बघा, मग वर जा.