पीएफच्या पेन्शनवर भागत नाही

नोकरदाराला पीएफची पेन्शन असतेच, म्हातारपणासाठी वेगळी तजवीज कशाला, असं एकांनी लिहिलंय. ईपीएस-९५, म्हणजे पीएफसोबतची १९९५ ची पेन्शन योजना, तिचा हिशोब एकदा मांडून बघा: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. बहुतेकांसाठी तो पगार १५,००० च्या वर धरलाच जात नाही. म्हणजे १४ वर्षं कारखान्यात राबलेल्याला महिना ३,०००. त्यावर महागाई भत्ता नाही. २०१४ मध्ये किमान पेन्शन १,००० ठरली. ती ७,५०० करा म्हणून बुलढाण्यात म्हाताऱ्या माणसांनी साखळी उपोषण केलं. संताप येतो हो!

आमचे काका सूतगिरणीतून निवृत्त झाले. पेन्शन जमा झाली की बीपी-शुगरच्या गोळ्यांतच संपते. बोटांचे ठसे इतके झिजलेत की हयातीच्या दाखल्याला मशीन ते घेत नाही. आता मोबाइलवर चेहरा दाखवून काम होतं, पण शेजारी कुणीतरी बसून करून द्यावं लागतं.

तरुणांना कळकळीने सांगते, नोकरी बदलताना पेन्शनचे पैसे काढू नका. खातं ट्रान्सफर करा, नाहीतर स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे पेन्शनसाठी भरलेल्या वर्षांचा दाखला, घ्या. १० वर्षं भरली नाहीत तर म्हातारपणी ही तुटपुंजी पेन्शनसुद्धा मिळत नाही.