बेटावरचं समुद्रकाठचं रिसॉर्ट: राहून आलेल्यांनी अनुभव लिहा

पाचपाखाडी, ठाणे

मंडळी, दिवाळीच्या सुट्टीचे बेत सुरू झाले की आमच्या सोसायटीत मालदीव, मॉरिशस, अंदमान ही नावं फिरायला लागतात. फोटो सगळ्यांकडे असतात, पण तिथे प्रत्यक्ष राहणं कसं होतं ते कुणी नीट सांगत नाही. एवढे पैसे मोजायचे तर आधी कळायला हवं, म्हणून हा धागा. सुरुवात माझ्यापासून.

नवरा, मी आणि सासूबाई असे आम्ही मालदीवला गेलो होतो. तिथे जवळजवळ बाराशे बेटं आहेत आणि रिसॉर्टचा रिवाज एका बेटावर एकच रिसॉर्ट असा. बाहेर पडून कोपऱ्यावर चहा घेऊ, दुसरीकडे जेवू, असं काही नसतं. म्हणून माझं ठाम मत आहे की खोली नंतर बघा, आधी त्या बेटाचा समुद्र कसा आहे ते विचारा. हाऊस रीफ आहे का, म्हणजे किनाऱ्यावरून पोहत जाता येईल इतक्या जवळ प्रवाळ आहे का, हा पहिला प्रश्न. नुसतं पांढऱ्या वाळूचं उथळ निळं पाणी फोटोत सुंदर दिसतं, पण त्यात मासे फारसे नसतात. आमच्या बेटाला रीफ होती. पाण्यात डोकं घातलं की पॅरटफिश चोचीने प्रवाळ कुरतडतोय तो कुरकुर आवाज स्पष्ट ऐकू यायचा. खाल्लेलं प्रवाळ त्याच्या पोटातून बारीक वाळू होऊन बाहेर पडतं, आणि तिथल्या पांढऱ्या वाळूचा बराच भाग असाच तयार झालेला आहे.

सासूबाईंना पोहता येत नाही. त्यांची काळजी वाटत होती, पण सगळ्यात जास्त रमल्या त्याच. रोज संध्याकाळी गुडघाभर पाण्यात हातभर लांबीची, पराच्या टोकाला काळा ठिपका असलेली शार्कची पिल्लं यायची. जन्मभर ठाण्याच्या बाजारात मासळी पारखून घेतलेली बाई, पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "अगं, ही तर मुशी!" मग चहाचा कप घेऊन रोज तिथेच बैठक. वयस्कर माणसं बरोबर असतील तर पाण्यावरच्या व्हिलापेक्षा किनाऱ्यावरची खोली घ्या. लाकडी पूल लांब असतो, पाण्यात उतरायची शिडी उभी असते.

पैशांचं एकच सांगते. जाहिरातीतला दर बऱ्याचदा कराशिवायचा असतो. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज, जुलै २०२५ पासून १७ टक्के जीएसटी, आणि जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टमध्ये माणशी दर रात्री १२ डॉलर ग्रीन टॅक्स. सगळं धरून किती, ते लेखी घ्या.

वाशी

ताईंनी समुद्राचं लिहिलं, मी पोहोचण्याचं लिहितो, कारण आमच्या ट्रिपचा निम्मा आनंद तिथेच होता. माले विमानतळावरून लांबच्या बेटांवर सी-प्लेनने नेतात. छोटं ट्विन ऑटर विमान, पंधराएक माणसं, वैमानिक चक्क अनवाणी. आवाज प्रचंड, म्हणून कानात घालायला बोळे देतात. पण खाली निळ्या पाण्यात प्रवाळाची कडी एकामागून एक सरकताना दिसतात तेव्हा बोलायचं भानच राहत नाही. माझा मुलगा सहावीत आहे. भूगोलाच्या पुस्तकातलं कंकणद्वीप त्याने खिडकीतून बघितलं आणि उतरेपर्यंत काच सोडली नाही.

मात्र हे विमान फक्त दिवसाउजेडी उडतं. मुंबईहून तुमचं विमान दुपारी उशिरा किंवा संध्याकाळी उतरत असेल तर ती रात्र मालेजवळ काढावी लागते आणि रिसॉर्टची एक रात्र वाया जाते. तिकीट काढण्याआधी वेळ जुळवा, नाहीतर स्पीडबोटीच्या अंतरावरचं बेट निवडा. सामान साधारण २० किलो आणि हातातलं ५ किलो, दोन्ही काट्यावर ठेवतात.

मुंबईच्या ड्यूटी फ्रीमधली बाटली मालेला कस्टमवाले ठेवून घेतात, परतताना देतात. पूजेची मूर्तीही नेता येत नाही. आमच्या आईचा छोटा गणपती प्रवासात कायम पर्समध्ये असतो. हा नियम आधीच वाचला होता, म्हणून तो घरीच देव्हाऱ्यात ठेवून गेलो. आणि घड्याळ: माले आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, पण काही रिसॉर्ट स्वतःचं घड्याळ मालेच्या एक तास पुढे ठेवतात. परतीची वेळ कुठल्या घड्याळाची, ते विचारून घ्या.

कोपरखैरणे

आम्ही शुद्ध शाकाहारी, घरात जैन सूनबाई. बुकिंग झाल्याबरोबर रिसॉर्टला ईमेल केला: कांदा, लसूण, कंदमुळं नकोत, अंडं नको. पोहोचलो त्या संध्याकाळीच शेफ टेबलापाशी येऊन भेटले, उत्तराखंडचे निघाले. वरण-भात, तव्यावरची पोळी, दुधीची भाजी, आणि तेही किती प्रेमाने! हाफ बोर्ड, म्हणजे फक्त नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरलेला दर, घेऊ नका असं मी सांगेन. बेटावर दुसरं हॉटेल नाही, दुपारचं जेवण मेनूकार्डावरून घेतलं की खर्च भराभर वाढतो.

चेंदणी कोळीवाडा, ठाणे

परदेशाचं सगळे लिहितायत, मी अंदमानचं लिहितो. स्वराज द्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक. तिथेही समुद्राला लागून उत्तम रिसॉर्ट आहेत. पण बेटाच्या दोन बाजूंना दोन वेगळे समुद्र आहेत, हे बुकिंग करणारे सांगत नाहीत. पूर्वेला गोविंदनगर, विजयनगर. सकाळचं ऊन सुंदर, पण ओहोटीला पाणी लांब जातं आणि खडक, मेलेलं प्रवाळ उघडं पडतं. पोहायचं तर भरतीची वेळ धरावी लागते. पश्चिमेला राधानगर. रुंद मऊ वाळू आणि सूर्यास्त.

आम्ही कोळी माणसं, तारखा काढताना आधी कालनिर्णय बघितलं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा ओहोटीही मोठी. अष्टमीच्या आसपास भांग, पाण्याची चढउतार कमी. पूर्वेच्या किनाऱ्यावर राहायचं असेल तर भांगाचे दिवस बरे. तिथीच्या आकड्याच्या पाऊणपट वाजता भरती हा आपला हिशोब मात्र तिकडे लावू नका, भरतीच्या वेळा वेगळ्या आहेत. रिसेप्शनवर तक्ता मागा.

बेट भारतीय वेळेवर चालतं पण आहे पार पूर्वेला, त्यामुळे हिवाळ्यात साडेपाचच्या आत सूर्य बुडतो. पहाटे पाचला उठून किनाऱ्यावर जा, दिवस मोठा मिळतो. मगरींबद्दलचे फलक असतील तिथे पाण्यात पाय घालू नका. शंख-शिंपले, प्रवाळ उचलून आणायला मनाई आहे, विमानतळावर सामान तपासतात. आणि श्री विजयपुरममध्ये, म्हणजे पोर्ट ब्लेअरला, सेल्युलर जेल बघितल्याशिवाय परतू नका. कोठडीच्या दाराची कडी भिंतीतल्या खोबणीत इतकी लांब आहे की आतून हात पोहोचूच शकत नाही. माझे वडील तिथे बराच वेळ उभे होते. रिसॉर्टचं सुख आपल्या जागी, पण ही कोठडी मुलांना दाखवाच.

बेलापूर, नवी मुंबई

मॉरिशस. जवळपास सगळ्या बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे, म्हणून आतलं पाणी शांत आणि उथळ, लहान मुलांसाठी याच्याइतकी चांगली जागा मी पाहिलेली नाही. जून ते सप्टेंबर पूर्व किनाऱ्यावर वारा झोंबतो. त्या दिवसांत पश्चिमेला, फ्लिक-आं-फ्लाकच्या बाजूला राहा. पाण्यात रबरी बूट घालाच, सागरी साळी, म्हणजे काटेरी सी अर्चिन, आणि दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिश असतो.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. आमच्या रिसॉर्टमध्ये नाश्त्याच्या वेळी वाढणाऱ्या काकांनी आमचं बोलणं ऐकलं आणि थबकून "नमस्कार, तुम्ही महाराष्ट्राचे?" असं विचारलं. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून गेलेल्यांत कोकणातलीही माणसं होती, त्यांची ही पुढची पिढी. घरात क्रिओल बोलतात, मराठी शाळेत शिकलेले. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. काकांनी "सुखकर्ता दुःखहर्ता" पहिल्या कडव्यापासून म्हणून दाखवली, उच्चार थोडे निराळे, चाल आपलीच. माझ्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. रिसॉर्टच्या भिंतीआडच राहू नका, तिथल्या माणसांशी बोला.

नेरूळ

हॉटेल मॅनेजमेंट करून मालदीवच्या एका रिसॉर्टमध्ये मी नोकरी केली आहे, म्हणून आतल्या बाजूने लिहितो. तुमच्या नळाचं गोडं पाणी समुद्राचं खारं पाणी गाळून केलेलं असतं, वीज मुख्यतः डिझेल जनरेटरची. दूध, भाजी, टॉयलेट पेपर, सगळं बोटीने येतं. बेटाच्या मधल्या भागात झाडीमागे कर्मचाऱ्यांच्या खोल्या आणि मेस असते, तिथे बांगलादेशी, श्रीलंकन, मालदीवी, भारतीय सगळे एकत्र राहतात. रोज टॉवेल बदलायला सांगताना हे पाणी आणि डिझेल आठवा, एवढी मनापासून विनंती.

व्हिला कुठल्या बाजूचा घ्यावा? साधारण डिसेंबर ते एप्रिल वारा ईशान्येचा, तेव्हा पश्चिमेची बाजू शांत. मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्येचा, तेव्हा पूर्वेची. वाऱ्याप्रमाणे वाळूही बेटाभोवती सरकते. जानेवारीत ज्या खोलीसमोर रुंद किनारा होता तिथे जुलैत पाणी पायरीला लागलेलं मी पाहिलंय. म्हणून फोटो कुठल्या महिन्यातला, हे विचारायला लाजू नका. रीफचंही तसंच. १९९८ आणि २०१६ साली पाणी तापून मालदीवचं पुष्कळ प्रवाळ पांढरं पडलं, काही ठिकाणी ते सावरतंय. आज तिथे काय दिसतं, हे डायव्ह सेंटरला थेट विचारा, ते खरं सांगतात. पोहताना लांब बाह्यांचा स्विमशर्ट घाला. सनस्क्रीन कमी लागतं, प्रवाळालाही बरं.

पाचपाखाडी, ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. नेरूळच्या दादांचं वाचून आमचा मे महिन्याचा बेत पूर्वेच्या बाजूला वळवतेय. आता लक्षद्वीपबद्दल हवं आहे. परमिट काढून अगत्तीला विमानाने उतरून बंगारामला राहिलेलं कुणी आहे का? जेवण, बोट, आणि सत्तरीच्या माणसाला झेपेल का, एवढं लिहा.